विश्लेषण : नौदल दिन नक्की कोणाचा? कराचीचा, शिवरायांचा की मालवणच्या खलाशांचा?

डिसेंबर उजाडला की मोबाइलवर नौदल दिनाच्या शुभेच्छा फिरू लागतात. त्यात बहुतेक वेळा सिंधुदुर्ग किल्ल्याचे छायाचित्र असते, वर छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा आणि खाली तारीख : ४ डिसेंबर. २०२३ मध्ये हा सोहळा मालवणात झाला, तेव्हापासून हे चित्र आणखी पक्के झाले आहे. त्यामुळे ४ डिसेंबर हा मराठा आरमाराच्या स्थापनेचा किंवा सिंधुदुर्गच्या पायाभरणीचा दिवस असावा, अशी अनेकांची समजूत होते. ती बरोबर नाही. या तारखेचा उगम कराचीजवळच्या समुद्रात आहे आणि तोही १९७१ मधला. तरीही मालवणचा या दिवसाशी काहीच संबंध नाही, असे म्हणता येत नाही. तो संबंध कोणता आणि त्यात कोणाची आठवण निघते, कोणाची निघत नाही?

४ डिसेंबर ही तारीख कुठून आली?

नौदल दिनाची तारीख एकदाच ठरली आणि कायम राहिली, असे झालेले नाही. पहिला नौदल दिन २१ ऑक्टोबर १९४४ रोजी पाळला गेला. तेव्हाचे नौदल होते ‘रॉयल इंडियन नेव्ही’ आणि २१ ऑक्टोबर हा ब्रिटिशांचा ट्रफॅल्गर दिन. म्हणजे ॲडमिरल नेल्सनने १८०५ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ जिंकलेल्या लढाईचा वाढदिवस आपले खलाशी मुंबईत साजरा करत होते. महायुद्ध संपल्यावर हा दिवस १ डिसेंबरला गेला, पुढे १५ डिसेंबरला आला. १९७२ मध्ये वरिष्ठ नौदल अधिकाऱ्यांच्या परिषदेत ४ डिसेंबर ही तारीख ठरली, कारण आदल्याच वर्षी त्या रात्री नौदलाने स्वतःचा इतिहास घडवला होता.

ती मोहीम म्हणजे ‘ऑपरेशन ट्रायडंट’. बांगलादेश युद्ध सुरू होऊन एकच दिवस झाला होता. आयएनएस निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटी कराचीच्या दिशेने निघाल्या. सोव्हिएत बनावटीच्या या बोटी मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी होत्या आणि त्यांचा पल्ला कमी होता. त्यांना एवढ्या दूर नेऊन शत्रूच्या मुख्य बंदरावर हल्ला करायचा, ही कल्पनाच धाडसाची होती. रात्रीच्या अंधारात पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंगशोधक नौका मुहाफिज बुडाली. ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाजही बुडाले आणि केमारीच्या तेलसाठ्याला आग लागली. आपली एकही बोट गमावली नाही. बोटींच्या पथकाचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादव यांना महावीर चक्र मिळाले.

पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आयएनएस खुकरी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाज सोडण्यास नकार देणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला त्यांत होते. विजयाची तारीख दिनदर्शिकेत येते, जलसमाधीची येत नाही. दिनविशेष ठरवताना जगभर हेच घडते.

नौदल दिन हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस नाही, हेही इथे सांगायला हवे. महाराष्ट्रात महाराजांच्या नावाची सरकारी सुट्टी १९ फेब्रुवारीची, शिवजयंतीची.

मग यात मालवण कसे आले?

नौदल दिनाचा मुख्य सोहळा दीर्घकाळ दिल्लीत होत असे. तो किनाऱ्यावरच्या शहरांत न्यायचे ठरल्यावर २०२२ मध्ये विशाखापट्टणमला, २०२३ मध्ये सिंधुदुर्गात आणि २०२४ मध्ये ओडिशातील पुरी इथे झाला. मालवणची निवड अचानक झाली नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला. त्याच्या जागी निळ्या रंगाचे अष्टकोनी चिन्ह आले, ज्याची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची आहे. पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी मालवणात आले. राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तारकर्लीच्या किनाऱ्यासमोर युद्धनौका, विमाने आणि मरीन कमांडोंची प्रात्यक्षिके झाली. ॲडमिरल हुद्द्याच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील चिन्हांतही शिवकालीन वारसा दिसेल, अशी घोषणा त्याच कार्यक्रमात झाली.

थोडक्यात, तारीख १९७१ ची, ध्वजावरची प्रेरणा सतराव्या शतकातली आणि जागा मालवणची. तिन्ही एकत्र आले ते २०२३ मध्ये. एकत्र आले म्हणून ते एकच आहेत असे मात्र नाही.

शिवराय ‘दर्यावर्दी’ होते का?

समुद्राशी जोडलेल्या थोर पुरुषाचे नाव काढले की डोळ्यांपुढे कोलंबस किंवा वास्को द गामा येतो. अमेरिकेत ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबसच्या नावाने संघराज्याची सुट्टी असते. आता तिथल्या अनेक राज्यांत आणि शहरांत तोच दिवस ‘मूलनिवासी लोकांचा दिवस’ म्हणून पाळतात, कारण ज्या भूमीवर आधीपासून माणसे राहत होती तिचा ‘शोध’ लागला असे कसे म्हणायचे, हा प्रश्न तिथल्या मूलनिवासींनी विचारला. आपल्याकडेही १९९८ मध्ये गामाच्या आगमनाला ५०० वर्षे झाली तेव्हा उत्सवाला गोव्यात आणि इतरत्र विरोध झाला होता. गोव्यातल्या एका शहराचे नाव मात्र आजही वास्को द गामा आहे!

शिवाजी महाराज या अर्थाने दर्यावर्दी नव्हते. नवा देश शोधायला ते निघाले नाहीत. त्यांच्यासमोरचा प्रश्न वेगळा होता. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच व्यापाऱ्याला जहाज हाकायला परक्याची परवानगी लागत होती. गामा १४९८ मध्ये कालिकतजवळ उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि अरबी समुद्रात त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना लागू झाला. तो नसलेले जहाज पोर्तुगीज पकडत. सतराव्या शतकात त्यात भर पडली : जंजिऱ्याला सिद्दी, वेंगुर्ल्याला डचांची वखार, सुरतेला आणि पुढे मुंबईला इंग्रज.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर घेतले होते. हे आरमार आपल्यावरच उलटेल हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले आणि १६५९ मध्ये ते कारागीर काम अर्धवट टाकून निघून गेले. एखाद्या आरमाराची सुरुवात इतकी वाईट क्वचितच झाली असेल. पण तोवर इथल्या सुतारांनी जे पाहायचे ते पाहून घेतले होते. काम थांबले नाही.

महाराजांची स्वतःची एक मोठी सागरी स्वारी मात्र इतिहासात नोंदली गेली आहे आणि ती मालवणातूनच निघाली होती. फेब्रुवारी १६६५. इंग्रजांच्या नोंदींनुसार ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन ते दक्षिणेकडे निघाले, पोर्तुगीजांच्या गोव्यासमोरून गेले आणि बेदनूरच्या राज्यातील बसरूर या श्रीमंत बंदरावर जाऊन धडकले. आज ते गाव कर्नाटकच्या उडुपी जिल्ह्यात, कुंदापूरजवळ आहे. परतीच्या वाटेवर गोकर्णला महाशिवरात्रीचे स्नान झाले. बहुतेक आरमार पुढे पाठवून ते अंकोल्यावरून कारवारकडे जमिनीच्या वाटेने आले. कारवारला खंडणी द्यावी लागली, तीत इंग्रज वखारीचा वाटा ११२ पौंडांचा होता. काही आठवड्यांतच मिर्झाराजे जयसिंग पुण्यावर चालून आला, पुरंदरचा तह झाला आणि अशी दुसरी स्वारी पुन्हा घडली नाही.

पण महाराजांचे समुद्रावरचे कर्तृत्व मोजायला बसरूरपेक्षा एक साधे पत्र जास्त उपयोगी पडते. १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला त्यांनी मिठाबद्दल लिहिले. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यातून, स्वस्त मीठ येत होते आणि संगमेश्वरकडच्या मिठाचा धंदा बुडू लागला होता. त्या बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवा, नाही तर आपले व्यापारी बुडतील आणि बंदरेही पडतील, असा त्याचा आशय. तलवार, तोफ, गलबत यांतले काहीही त्या पत्रात नाही. आरमार कशासाठी उभारायचे, ते मात्र त्यात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, तेही याच विचाराने. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला जबरदस्तीने हात लावू नये, हा दंडकही तिथेच सापडतो.

किल्ला कुरटे बेटावरच का?

मालवणच्या बंदर जेटीवरून होडीने किल्ल्यावर जाताना एक गोष्ट लक्षात येते. होडी सरळ जात नाही. पाण्याखाली खडक आहेत आणि तांडेल त्यांच्यामधून वाट काढतो. कुरटे बेटाच्या निवडीचे उत्तर या वळणांत आहे. खोल तळाची युरोपीय जहाजे इथे बिनदिक्कत आत येऊ शकत नव्हती, उथळ तळाच्या मराठी गलबतांना मात्र वाट ठाऊक होती. बेटाची माहिती स्थानिक कोळ्यांनी दिली आणि त्याबद्दल त्यांना इनाम मिळाले, अशी परंपरा सांगितली जाते.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरच्या ‘मोरयाचा धोंडा’ या खडकाजवळ पूजा होऊन कामाला सुरुवात झाली. या खडकावर कोरलेले गणपती, सूर्य आणि चंद्र आजही पाहता येतात. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षे काम चालले. पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. सुमारे ४८ एकरांचे बेट, भोवती जवळपास ३ किलोमीटरचा नागमोडी तट, साधारण ३० फूट उंची आणि १२ फूट रुंदी. दरवाजा असा लपवला आहे की समोर जाईपर्यंत दिसत नाही. खाऱ्या पाण्याच्या मध्यभागी दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आत राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे, जिथली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांपेक्षा वेगळी, दाढीविना आहे.

सिंधुदुर्ग एकटा नव्हता. जवळच पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट. पावसाळ्यात गलबते खाडीत ओढून ठेवायची, उन्हाळ्यात दुरुस्त करायची आणि पाऊस सरला की पुन्हा बाहेर काढायची. त्यासाठी अशी किल्ल्यांची साखळी लागते.

त्या गलबतांवर कोण होते?

आरमाराच्या गोष्टीत हा भाग नेहमी आटोपता घेतला जातो. खरे तर तोच सगळ्यात मोठा आहे.

सभासद बखरीत आरमाराच्या दोन सुभेदारांची नोंद आहे : एक मुसलमान दर्यासारंग, दुसरा मायनाक भंडारी. पुढे दौलतखान याचेही नाव येते. म्हणजे दर्यावरची धुरा ज्यांच्यावर सोपवली, ते किनाऱ्याचे, पाण्यात मुरलेले लोक होते. त्यांच्या हाताखाली कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा समाजांतले खलाशी. घाटावरचा सरदार घोड्यावर कितीही पटाईत असला, तरी ओहोटीला कुठला खडक वर येतो, हे त्याला कसे कळणार?

मायनाक भंडारी यांची परीक्षा १६७९ मध्ये झाली. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर त्यांनी ऑगस्टमध्ये माणसे उतरवली आणि तटबंदीला सुरुवात केली. इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. मोठ्या जहाजांवरच्या तोफा त्यांच्याकडे, वल्ह्यांनी चालणारी हलकी गलबते मराठ्यांकडे. वारा पडला की शिडाची जहाजे जागच्या जागी खिळत आणि गलबते मात्र अंधारात नागावच्या खाडीतून निघून बेटावर रसद पोहोचवत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत तर मराठ्यांनी ‘डव्ह’ हे इंग्रजांचे गुराब जहाजच पकडले. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. लहान, हलक्या बोटींनी मोठ्या शत्रूला त्याच्याच बंदरासमोर जेरीस आणणे, हे वाक्य खांदेरीबद्दल लिहिले काय आणि १९७१ च्या कराचीबद्दल लिहिले काय, चुकीचे ठरत नाही. नौदल दिन आणि मराठा आरमार यांच्यातले नाते जोडायचेच असेल तर ते इथे जुळते.

कान्होजी आंग्रे यांनी पुढे हीच पद्धत इतक्या उंचीवर नेली की मुंबईतल्या नौदल तळाला १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. खांदेरीच्या बेटालाही आता त्यांचेच नाव मिळाले आहे. मात्र ते बेट ज्यांनी पहिल्यांदा लढून राखले, त्या मायनाक भंडारींचे नाव किती शाळकरी मुलांना ठाऊक असते, हा प्रश्न विचारून पाहावा. गलबतावर वल्हे मारणाऱ्या शेकडो गाबितांची, कोळ्यांची नावे तर कुठल्याच कागदावर नाहीत.

राजकोटवर काय घडले?

२०२३ च्या नौदल दिनी राजकोटवर अनावरण झालेला पुतळा ३५ फुटांचा होता. उभारणी नौदलाच्या देखरेखीखाली झाली होती. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, पुरते नऊ महिनेही झाले नव्हते, तो कोसळला. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ४५ किलोमीटर असल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. पावसाळ्यात असा वारा मालवणला नवा नाही, हे किनाऱ्यावरच्या कोणीही सांगितले असते. पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधीच काही दिवस नौदलाकडे पाठवले होते, असेही पुढे आले. ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, राज्यभर आंदोलने झाली.

पुढे ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांच्या संस्थेकडे काम देऊन नवा, ६० फुटी ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे पूजन झाले. राजकोटवर उभे राहिले की समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो. तिथला तटही काही ठिकाणी ढासळला आहे, पण साडेतीनशेहून अधिक पावसाळे खाऊन. खारी हवा लोखंडाचे काय करते आणि शिसे ओतलेल्या दगडाचे काय करते, याचा एवढा जवळचा धडा दुसरीकडे मिळणार नाही.

मालवणचा स्वतःचा समुद्रदिन कोणता?

नौदल दिनाच्या आधीपासून मालवणला समुद्राचा एक सण आहे : नारळी पौर्णिमा. १ जूनपासून यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर झापांखाली असतात. श्रावणी पौर्णिमेला बंदर जेटीवर गाव लोटते. आधी सिंधुदुर्ग किल्ल्याचा मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, मग शहराचा, व्यापाऱ्यांचा, मग घरोघरचे. ही रीत शिवकाळापासूनची असल्याचे मालवणकर सांगतात. नारळ लढवण्याचे डाव रंगतात, त्यात आता महिलांच्या स्पर्धाही असतात. या सणाला तारीख ठरवायला परिषद भरवावी लागत नाही, चंद्र आणि समुद्र ती ठरवतात.

नारळ सोडणारे जे हात आहेत, त्यांतल्या अनेकांचे प्रश्न मात्र जुनेच आहेत. रापण ओढणारा आणि लहान होडीवर गिलनेट टाकणारा पारंपरिक मच्छीमार पर्ससीन जाळ्यांशी आणि रात्री एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीशी गेली अनेक वर्षे झगडतो आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. तरीही परराज्यांतल्या मोठ्या नौका आत येतात आणि पकडायला गस्तीनौका अपुऱ्या पडतात, अशी तक्रार मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात दर हंगामात उठते. १६७१ च्या पत्रात कुडाळच्या सुभेदाराला मिठाबद्दल जे सांगितले होते, ते आज बांगड्याबद्दल सांगावे, एवढेच या लोकांचे मागणे आहे.